बेकारी तपासायला येणारा माणूस

दीड वर्ष तो माणूस माझ्या शेडमध्ये येत होता, आणि त्या दीड वर्षात त्याने माझ्याकडचा चहा घेतला नाही. चहा सोडा, पाणीसुद्धा नाही. खांद्यावरच्या पिशवीत त्याची ॲल्युमिनियमची बाटली असायची आणि काखेत घडीचं स्टूल. स्टूल त्याचं स्वतःचं. अर्जदाराच्या खुर्चीवर बसलं की अर्जदाराचे उपकार होतात, असं त्याचं मत होतं. पहिल्यांदा आला तेव्हा मी खुर्ची पुसून पुढे केली. त्याने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फळ्यांच्या ढिगाशेजारी आपलं स्टूल उघडून बसला. मी धंद्यातला माणूस. समोरचा खुर्ची नाकारतो म्हणजे भाव वाढवतोय, एवढंच मला कळतं. या माणसाला खरोखरच काही नको आहे हे समजायला मला फार दिवस लागले, आणि तोवर माझं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करत असे. इथे करणार नाही. तेवढा माझा हक्क आहे.

तो रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत लिपिक होता. 'साहेब' म्हटलेलं त्याला चालत नसे. "साहेब आत बसतात," तो म्हणायचा आणि बोटाने आतलं दार दाखवायचा. ते दार मी कधी उघडं पाहिलं नाही. तो मला नावाने हाक मारत नसे. मी त्याच्यासाठी 'अर्जदार' होतो, आणि कचेरीबाहेरही अर्जदारच होतो. एकदा मी बाजारात मासे घेत होतो. कोळणीशी भाव निम्म्यावर आणला होता, एवढ्यात मागून त्याचा आवाज आला, "अर्जदार, ती सुरमई कालची आहे." कोळीण भडकली, सौदा मोडला, आणि तो पिशवी सांभाळत पुढे निघून गेला. त्याने कोणालाही कधी मदत केली ती अशी.

त्याच्या टेबलावर कागदांचे तीन गठ्ठे असत. पहिला लागू असलेल्या नियमांचा, दुसरा बदललेल्या नियमांचा. तिसऱ्या गठ्ठ्यात नुसते कोरे कागद होते, तेही दोरीने नीट बांधलेले. मी एकदा विचारलं, हे कशाला? "हे यायचे आहेत," तो म्हणाला.

रत्नागिरीत तो एका खोलीत एकटा राहायचा. मूळचा संगमेश्वराकडचा, लग्न केलेलं नाही, घरचं कोणी उरलेलं नाही. रविवारी सकाळी तो चालत भाट्याच्या किनाऱ्यावर जायचा आणि समुद्राकडे तोंड करून त्या आठवड्यात आलेलं परिपत्रक मोठ्याने वाचायचा. मी हे स्वतः पाहिलंय. लोक नारळ फोडायला येत, पोरं पाण्यात खेळत, आणि हा तिथे उभा राहून 'उपरोक्त' आणि 'सदरहू' वाऱ्यावर सोडत असायचा. त्याचं म्हणणं असं की ज्या नियमावर जीभ अडखळते तो नियम सहा महिन्यांत बदलतो. आणि हे खरं होतं. सरकारला कळायच्या आधी त्याच्या जिभेला कळायचं.

आता माझं सांगतो. पालीच्या थोडं पुढे, कोल्हापूरच्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे. आंब्याची लाकडी खोकी ठोकायचा माझा धंदा. मला कोणी काही दिलेलं नाही. मोडकी खोकी गोळा करून, त्यातले खिळे उपटून, दगडावर सरळ करून विकायचे, इथून मी सुरुवात केली. आजही वाकडा खिळा दिसला की मी तो उचलतो. लोक हसतात. हसू देत.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत कोकणात उद्योग यावेत म्हणून सरकार एकामागून एक योजना काढत होतं. त्यातली एक माझ्यासाठीच काढल्यासारखी होती. शहराबाहेरच्या लहान कारखान्याने नवीन माणसं कामावर घेतली, तर पहिलं वर्षभर त्यांचा निम्मा पगार सरकार देणार. मी बातमी वाचली आणि नवरात्र बसायच्या आत सहा माणसं घेतली. फाल्गुनात आंबा उतरायला लागतो. त्याआधी बागायतदार खोकी मागायला दारात उभे राहतात. सहा माणसं हाताशी असती तर आजूबाजूच्या सगळ्या बागांची खोकी मी एकट्याने दिली असती. मला तेवढंच हवं होतं. हंगामाला सहा माणसं, आणि त्यांचा निम्मा पगार सरकारकडून.

अर्ज दिला. गुरुवारच्या एसटीने तो तपासणीला उतरला. पालीच्या स्टँडवर त्याला पुढे सगळे 'परिपत्रक' म्हणायला लागले. चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडायचं, "मालक, परिपत्रक आलंय हो." ते त्याला ऐकू जायचं. त्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

पहिल्या तपासणीत त्याने सहा जणांना रांगेत उभं केलं आणि हजेरीचं पुस्तक मागितलं. त्यात यशवंताची त्या दिवसाची सही राहिली होती. यशवंता माझा सगळ्यात जुना ओळखीचा, हात सगळ्यात चपळ, तोंडही तसंच.

"हा गैरहजर आहे," तो म्हणाला.

"हा काय, तुमच्यासमोर उभा आहे," मी म्हटलं.

"मला दिसतोय. पण पुस्तकात नाही."

यशवंता म्हणाला, "मग मी घरी जाऊ काय? भात कापायचा राहिलाय."

"गैरहजर माणसाने कुठे जावं याबद्दल नियम नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "कागदावर आहे ना, मग आहे. कागदावर नाही, मग नाही." मी यशवंताच्या हातात पेन दिलं. त्याने सही केली. त्यानंतर तो हजर झाला.

आठवड्याभराने पहिला बदल आला. मालकाचा जवळचा नातेवाईक योजनेला अपात्र. आता जवळचा म्हणजे किती जवळचा, हे परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. त्याने मुंबईला पत्र टाकून विचारलं. उत्तर येईना. मग उत्तर येईपर्यंत सहा पिढ्या धरायच्या असं त्याने ठरवलं आणि स्टूल टाकून सगळ्यांच्या वंशावळी लिहायला बसला. तीन गुरुवार त्यात गेले. आमच्याकडे सहा पिढ्या मागे गेलं की अर्धा तालुका एकमेकांचा लागतो. त्याने यशवंताला खापरपणजोबांचं नाव विचारलं. यशवंता म्हणाला, "माझ्या बापाशीनं मला त्याचं नाव सांगितलंन, तेच खूप झालं."

सुमन नावाची एक बाई कामाला होती. चाळिशीची, कामाला वाघ, बोलायला त्याहून. तिच्या आणि माझ्या आजोळाचं कुठेतरी जुळतंय असा त्याला संशय आला. ती चुलत की मावस हे ठरवताना त्याने चार कागद भरले. मी वैतागून विचारलं, "आणि सख्खा भाऊ असता तर किती कागद लागले असते?"

"एकही नाही," तो म्हणाला. "सख्ख्याची तपासणी नाही. अर्जदाराने सांगितलं की झालं. अपात्र व्हायला कोणी खोटा सख्खा भाऊ कशाला सांगेल?"

सुमन शेवटी सुटली. पाचव्या पिढीत त्याला तिच्याकडचं एक लग्न मोडलेलं सापडलं. कागदावर तो निकाल लिहिताना त्याला झालेला आनंद मी विसरणार नाही. ते लग्न मोडल्याचा शंभर वर्षांत कोणाला एवढा आनंद झाला नसेल.

मला वाटलं, आता झालं. दिवाळीच्या तोंडावर मी मंजुरी आणायला कचेरीत गेलो. त्याने पहिल्या गठ्ठ्यातला एक कागद काढला, दुसऱ्यात ठेवला आणि नवा कागद माझ्यापुढे सरकवला.

"नवीन आलंय. कामावर घेण्याआधी माणूस साठ दिवस बेकार असला पाहिजे. तशी नोंद पाहिजे."

"माझी माणसं कामावर आहेत."

"तेच म्हणतोय. कामावर असलेला माणूस बेकार नसतो. योजना बेकारांसाठी आहे."

"ते बेकार होते म्हणून तर मी त्यांना काम दिलं."

"तिथेच तुमचं चुकलं," तो म्हणाला.

मी टेबलावर हात आपटला. त्याचा कोऱ्या कागदांचा गठ्ठा खाली पडला. त्याने तो उचलला, धूळ झटकली, कागद वरखाली झालेत का ते पाहिलं.

"मग आता काय करू?"

"सोडा त्यांना. साठ दिवस बेकार राहू देत. मग घ्या. हंगामाला वेळेत होतील."

"तीस करा."

"अर्जदार, ही भाजी नाही."

"पंचेचाळीस. माझंही राहू दे, तुमचंही राहू दे."

त्याने परिपत्रकाकडे पुन्हा पाहिलं, जणू माझं बोलणं ऐकून ते बदललं असेल. "साठ," तो म्हणाला. "यावर जीभ अडखळत नाही. टिकेल हा नियम."

मी हिशेबी माणूस आहे. एकेका माणसाचा निम्मा पगार वर्षभर, आणि त्यासाठी साठ दिवस थांबायचं. सौदा वाईट नव्हता. मी सहाही जणांना बोलावलं, सांगितलं की तुम्ही आजपासून बेकार, पण कुठे जाऊ नका, संक्रांतीनंतर परत घेतो. दर आठवड्याला थोडा तांदूळ देईन, तो पगार नाही. त्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता येऊन शेडसमोरच्या दगडी गडग्यावर ओळीने बसू लागले. घरी बसा म्हटलं तर यशवंता म्हणाला, "घरी बायको काम सांगते. मग बेकार कसा ऱ्हाणार?"

आणि गुरुवारी तो त्यांची बेकारी तपासायला येऊ लागला. समोर स्टूल टाकायचा, एकेकाचे तळहात पाहायचा, वहीत लिहायचा, "बेकार". दुपारच्या गाडीने परत जायचा. बेकारी खरी असली पाहिजे, यावर त्याचा कटाक्ष होता. तिसऱ्या गुरुवारी तो रस्ता सोडून मागच्या पायवाटेने आला आणि त्याला सुमन दिसली. ती घरचं खुराडं दुरुस्त करत होती. हातात हातोडी, तोंडात दोन खिळे.

"हे काम आहे," तो म्हणाला.

सुमनने खिळे तोंडातून काढले. "माझ्या कोंबड्या आहेत. मुंगूस आत शिरतंय."

"कौशल्य तेच आहे. लाकूड, खिळा, हातोडी." त्याने लिहून घेतलं. सुमनचे साठ दिवस त्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मी रस्त्यावर उभा राहून त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग बाटलीतलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "अर्जदार, मुंगूस खरं आहे, पण ते नियमात बसत नाही."

बाकीचे पाच जण मात्र नीट बेकार राहिले. पौषात त्यांचे साठ दिवस भरत आले. शेवटच्या तपासणीला त्याने वही उघडली आणि यशवंताला विचारलं, "काम मिळालं तर कराल?"

यशवंता मोठ्या इमानाने म्हणाला, "नाय. मालकांनी सांगितलंनी, कुठं जायचं नाय म्हणून."

त्याने वही मिटली.

"मग हे बेकार नाहीत," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "हे रजेवर आहेत. बेकार म्हणजे जो काम शोधतो आणि ज्याला मिळत नाही तो. शोधतच नाही तो नुसता रिकामा." आणि पिशवीतून त्याने त्याच आठवड्यात आलेलं परिपत्रक काढलं. प्रत्येकाने तीन ठिकाणी काम मागितलं पाहिजे आणि तिन्ही ठिकाणांहून लेखी नकार आणला पाहिजे.

मी म्हटलं, ठीक आहे, नकार काय, पोत्याने आणतो. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला सांगितलं, त्याने पाच नकार लिहून दिले. भातगिरणीवाल्याने पाच दिले. तिसऱ्यावर हा अडला. "निदान एक नकार तरी अशा माणसाचा हवा, ज्याला यांच्या कामाचा उपयोग होऊ शकतो. हॉटेलवाला खोकं ठोकणाऱ्याला नकार देणारच. त्याला नकार म्हणत नाहीत."

खोक्यांचा उपयोग कोणाला? बागायतदाराला. म्हणून मी पाचही जणांना अप्पांकडे पाठवलं. अप्पा म्हणजे जवळच्या गावचे बागायतदार, माझं जुनं गिऱ्हाईक. दहा वर्षं माझ्याकडूनच खोकी नेत होते. मी आधी निरोप धाडला, "माणसं येतील, काम मागतील, नाही म्हणून लिहून द्या."

दुपारपर्यंत माणसं परत आली नाहीत. संध्याकाळपर्यंत नाहीत. दुसऱ्या दिवशी गडगा रिकामा. मी सायकल काढली आणि अप्पांच्या बागेत गेलो. घराच्या मागच्या खळ्यात माझी पाच माणसं ओळीत बसून खोकी ठोकत होती. यशवंताने मला पाहिलं आणि मान खाली घालून ठोकायचा वेग वाढवला.

अप्पा झोपाळ्यावर होते. "ये, बस," म्हणाले.

"अप्पा, नकार द्यायला सांगितलं होतं."

"ऐकलं हो. पण गेल्या साली खोक्यामागे चार आणे कमी कर म्हणून मी तुझ्या दारात तासभर उभा होतो. आठवतंय? तू मला बस म्हणालास का?" झोपाळा एकदा पुढे गेला, मागे आला. "आता माझी खोकी घरच्या घरी होतात. आणि ते तुमचं परिपत्रक येऊन गेलं सकाळी. म्हणालं, माणसं साठ दिवस बेकार, काम शोधत आलेली, नात्यातली नाहीत. सगळं बसतंय. निम्मा पगार सरकार देणार म्हणे."

मी परत कसा आलो ते मला आठवत नाही. शेडच्या दारात तो स्टुलावर बसला होता. त्याचा चेहरा उजळलेला होता. तसा उजळलेला मी फक्त सुमनच्या मोडलेल्या लग्नाच्या वेळी पाहिला होता.

"अर्जदार," तो म्हणाला, "योजना यशस्वी झाली. पाच बेकार कामाला लागले."

"माझे पाच."

"तुमचे नव्हते. तुम्ही सोडले होते. कागदावर आहे."

मी त्याला स्टुलावरून उठवलं आणि ते स्टूल रस्त्यापलीकडे भिरकावलं. त्याने जाऊन ते उचललं. एक बिजागरी निखळली होती. ती त्याने बराच वेळ हलवून पाहिली, मग स्टूल काखेत मारलं आणि स्टँडकडे चालू लागला. हंगामाला महिना राहिला होता. माझ्याकडे माणसं किती, तर सुमन एकटी, तीसुद्धा कोंबड्यांच्या कृपेने. तिचे साठ दिवस भरायचे होते म्हणून ती अप्पांकडे गेली नव्हती. मी तिला म्हटलं, मरू दे ते साठ दिवस, पूर्ण पगारावर उद्यापासून ये. ती म्हणाली, "पूर्ण अधिक रोजचा चहा." मी तिच्याशी चहावरून घासाघीस केली आणि हरलो.

सोमवारी सकाळी तो आला. गुरुवार नसताना. हातात फाईल नव्हती. काखेत स्टूल होतं, बिजागरीला सुतळी बांधलेलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्याने पिशवीतून काढलं. नवीकोरी हातोडी.

"बारा दिवस रजा शिल्लक आहे," तो म्हणाला. "वाया जाईल."

"मग?"

"खोकी कशी ठोकतात?"

मला वाटलं, हा आता माझी चेष्टा करतोय. पण त्या माणसाला चेष्टा करता येत नव्हती. पगाराचं मी बोललो तर म्हणाला, "सरकारी नोकराला दुसरीकडून वेतन घेता येत नाही." चहा पुढे केला तर म्हणाला, "तुमचा अर्ज अजून प्रलंबित आहे." का आलात, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

बारा दिवस तो फळ्यांपुढे बसला. इतकं वाईट काम मी जन्मात पाहिलेलं नाही. एक खिळा तो पाच मिनिटं धरून ठेवायचा, कोन जुळवायचा, आणि ठोकला की तो आडवा. सुमन म्हणाली, "साहेब, खिळा मारताव की त्याची समजूत घालताव?" त्याने तिलाही सांगितलं की साहेब आत बसतात. ती म्हणाली, "मग आत जाऊन बसा, फळी वाचंल." तो हसला नाही, पण त्यानंतर तिच्याकडून शिकू लागला. तो खिळे वाकवायचा, मी ते उचलून दगडावर सरळ करायचो, पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवायचो, तो ते पुन्हा वाकवायचा. मी रागाने काही बोलत नव्हतो. तो नियमांबद्दल काही बोलत नव्हता. बारा दिवसांत एवढं शांत काम त्या शेडमध्ये कधी झालं नाही. शेवटच्या दिवशी त्याचं एक खोकं असं झालं की ते जमिनीवर ठेवल्यावर डुगडुगलं नाही. त्याने ते चारही बाजूंनी पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला.

तिघांनी मिळून निम्म्या बागांची खोकी कशीबशी झाली. निम्मी गिऱ्हाइकं गेली. ती परत आली नाहीत.

त्यानंतरच्या गुरुवारी तो तपासणीला आला. शेड आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा दारात थांबला, स्टूल उघडलं, तक्ता काढला.

"गेल्या पंधरवड्यात इथे काम केलेल्या व्यक्ती?"

"सुमन."

"आणखी?"

"तुम्ही."

त्याने स्वतःचं पूर्ण नाव सावकाश लिहिलं. "वय?"

"तुमचं वय मला काय माहीत?"

"अर्जदाराला अंदाजे सांगता येतं."

"बावन्न."

"चोपन्न," तो म्हणाला आणि लिहिलं. "वेतन?"

"तुम्हीच नको म्हणालात."

पेन थांबलं. त्याने तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपेवर बोट ठेवलं. विनावेतन व्यक्ती कामावर आढळल्यास तो कारखाना योजनेतून कायमचा बाद. अपवाद फक्त घरच्या माणसांचा. म्हणजे या वर्षी माणसं गेली, आणि आता पुढची सगळी वर्षंही चालली होती. तीसुद्धा याने फुकट खिळे वाकवले म्हणून. माझ्या डोक्यात जे आलं ते लिहिण्यासारखं नाही.

मागून सुमन म्हणाली, "मग घरचं माणूस म्हणून लिवा की. एवढं काय?"

तो 'मालकाशी नातं' या खणावर पेन टेकवून थांबला. बारा दिवस त्या माणसाने माझ्यापुढे बसून स्वतःची बोटं ठेचून घेतली होती. अंगठ्याचं नख अजून काळं होतं.

"चुलत भाऊ लिहा," मी म्हटलं.

"चुलत नको. सहा पिढ्या तपासाव्या लागतील."

"मग?"

"सख्ख्याला अर्जदाराचं म्हणणं पुरतं."

"सख्खा लिहा."

"मोठा की धाकटा?"

मी तेव्हा सेहेचाळीसचा होतो. "मोठा," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. शाई वाळायला जेवढी फुंकर लागते त्याहून पुष्कळ जास्त वेळ तो त्या खणावर फुंकर घालत बसला. मग तक्ता पिशवीत ठेवला आणि पाणी न पिता गेला. अर्ज अजून प्रलंबितच होता.

पावसाळा संपल्यावर मी नव्याने अर्ज केला. या वेळी सहाही माणसं पक्की. प्रत्येकाचे साठ दिवस भरलेले, प्रत्येकाचे तीन नकार, आणि तिसरा नकार मी तालुक्याबाहेरच्या बागायतदाराकडून आणलेला, ज्याच्याशी मी कधी भाव केलेला नाही. नात्याचं कोणी नाही. एक फट ठेवली नव्हती.

अर्ज परत आला. शेरा त्याच्याच अक्षरात. 'नवीन नियमानुसार या कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे जवळचे नातेवाईक अपात्र. अर्जदार हा कार्यालयातील लिपिकाचा सख्खा धाकटा भाऊ आहे.'

मी पहिल्या गाडीने रत्नागिरीला गेलो. कचेरी भरली होती, तरी मी आवाज खाली ठेवला नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नियम नवा आहे. रविवारी भाट्याला वाचला. कुठेही अडखळलो नाही."

"आपण भाऊ नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग? कागदावर आहोत." मग तो थोडा पुढे झुकला. "अपील करता येतं. तीस दिवस आहेत. एक ओळ लिहायची, सदर इसम माझा भाऊ नाही. मागचं प्रकरण बंद झालंय, त्याचा तुम्हाला त्रास होणार नाही. अपील मंजूर होईल. मीच टिपण लिहीन." त्याने एक कोरा कागद काढून माझ्या हातात दिला. तिसऱ्या गठ्ठ्यातला.

मी ती ओळ त्याच संध्याकाळी लिहिली. सही केली. कागद खिशात घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी फळ्यांचा ट्रक आला, म्हणून जाता आलं नाही. मग सुमनची मुलगी आजारी होती. मग गाडी चुकली. एकदा कचेरीच्या पायरीपर्यंत गेलो, तर खिडकीतून तो दिसला, डबा खात होता, म्हटलं जेवणाच्या वेळी कशाला. सहा माणसांचा निम्मा पगार, वर्षभर. इतका मोठा सौदा मी कधी हातचा सोडलेला नाही. आजही रात्री आठवलं की कूस बदलतो.

तिसावा दिवस गुरुवार होता. दुपारच्या गाडीने तो उतरला. काखेत स्टूल नव्हतं. शेडमध्ये येऊन माझ्या खुर्चीवर बसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मी माझं काम करत राहिलो. कागद खिशात होता. त्याने तो मागितला असता तर मी दिला असता की नाही, हे मला माहीत नाही. त्याने मागितला नाही.

कचेरी बंद व्हायची वेळ झाली, तसा तो म्हणाला, "मुदत संपली. आता काही प्रलंबित नाही."

सुमनने न विचारता तीन कप आणले. त्याने कप उचलला, बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर फार कमी घालतोस तू," तो म्हणाला.

मी साखरेचा डबा त्याच्यापुढे ठेवला.